सध्याच्या मालकांना कळलेलं चालेल का?

“ताई, तुम्ही सोडून चाललात आणि आम्हाला पत्ताच नाही?”

टाचणीने त्याचा फोन माझ्या नाकासमोर धरला. सकाळचे साडेनऊ वाजले होते, पर्स अजून माझ्या खांद्यालाच होती. फोनवर माझा फोटो होता. गेल्या वर्षी ओळखपत्रासाठी काढलेला. त्यात मी नुकताच कुणीतरी दम दिल्यासारखी दिसते. खाली लिहिलं होतं, ‘तुमच्या ओळखीची ही व्यक्ती नवी नोकरी शोधते आहे. तिला मदत करा.’ वाक्य मला तोंडपाठ होतं, कारण ते मीच लिहिलं होतं.

“हे तुला कधी आलं?”

“काल संध्याकाळी. म्हटलं, आज स्वतःच सांगतील.”

“अरे गाढवा, मी कुठे चाललेय! काल नवा स्क्रीन तपासत होते मी.”

त्याचं हसू मावळलं. “कुठल्या अ‍ॅपमध्ये तपासत होतात?” त्याने हळूच विचारलं.

टाचणी म्हणजे आमचा प्रोग्रामर. अंगाने तसाच आणि बोलायलाही तसाच, म्हणून हे नाव. आमची कंपनी नोकरी शोधायचं अ‍ॅप चालवते. त्यातला प्रत्येक स्क्रीन कसा दिसेल, बटण कुठे असेल, माणसाने आधी काय वाचावं आणि मग बोट कुठे टेकवावं, हे ठरवणं माझं काम. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. आमच्या मजल्यावर माझ्याहून म्हातारं फक्त पाण्याचं यंत्र आहे.

या कामात माझी एक खोड आहे. खोटी माहिती भरून मी कधी काही तपासत नाही. नाव अबक, अनुभव दोन वर्षं, असं भरलं की प्रत्येक स्क्रीन देखणाच दिसतो. खरी माणसं अशी नसतात. त्यांची आडनावं लांब असतात, मध्ये तीन वर्षं मूल झालं म्हणून घरी बसलेली असतात. म्हणून मी स्वतःचीच सगळी खरी माहिती घालते. तपासणीसाठी आमचं वेगळं अ‍ॅप असतं. त्यात काहीही दाबलं तरी बाहेर काही जात नाही. दोन्ही अ‍ॅप फोनवर शेजारीशेजारी असतात आणि दिसतात सारखीच. फरक एवढाच की तपासणीच्या अ‍ॅपवर कोपऱ्यात लाल ठिपका असतो. तो ठिपका मीच काढलाय. शोभेल असा, बारीक.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता, चष्मा टेबलावर ठेवून, मी चुकीच्या अ‍ॅपवर बोट टेकवलं होतं.

“किती जणांना गेलं असेल?” मी विचारलं.

टाचणी खुर्चीत बसला, काहीतरी उघडून बघत राहिला. “दोनशे बारा. ज्यांच्याकडे तुमचा नंबर आहे ते सगळे, आणि ज्या कंपन्या आपल्याकडून माणसं घेतात त्या.”

“त्यात आपली कंपनी...”

“आहे. आपणही आपल्याच अ‍ॅपवरून माणसं घेतो ना.”

“परत घे ते. काढून टाक.”

“ताई, गेलेलं नोटिफिकेशन परत कसं घेऊ? लोकांच्या फोनवर पोचलंय ते.”

माझे हातपाय गार पडले. हे मी शोभेसाठी लिहीत नाही, खरोखरच गार पडले, उन्हाळा असून. कारण महिन्यापूर्वी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं होतं की आता विभाग ‘सुटसुटीत’ करायचे आहेत. आमच्या सात जणांतले पाच राहणार होते. यादी शुक्रवारी ठरायची होती. अशा आठवड्यात एखादी बाई स्वतःहून नोकरी शोधते आहे असं कळलं, तर यादी करणाऱ्याचं अर्धं काम झालं की.

घरी माझा नवरा आठ महिने बसून होता. रंगाच्या कारखान्यात पाळीप्रमुख होता, कारखान्याला टाळं लागलं. तेव्हापासून रोज सकाळी तो आमचंच अ‍ॅप उघडून बसतो. एकशेसाठ ठिकाणी अर्ज केलेत. “तुझ्या अ‍ॅपला जरा सांग,” तो म्हणतो, “रंगाच्या माणसाला बालवाडीतल्या बाईंच्या जागा दाखवू नको म्हणावं.” आम्ही हसतो. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं आणि हे घरात कोणी बोलत नाही.

दहाच्या सुमाराला मधाचं बोट आमच्या टेबलांवरून फिरत गेलं. एचआरच्या या गृहस्थांना आम्ही सगळे हेच म्हणतो. आजवर ते कुणाशीही कडू बोललेले नाहीत. ज्यांना काढलं त्यांच्याशी तर मुळीच नाही.

“काय म्हणता? सगळं ठीक?” माझ्या खुर्चीमागे उभं राहून ते म्हणाले. “नवीन काही?”

“न... नाही. नवीन काय. चाललंय,” मी ततपप केलं.

“छान छान,” ते म्हणाले आणि हसले. नेहमीपेक्षा एक दात जास्त दिसला. निदान मला तरी दिसला.

मी उठून बाथरूममध्ये गेले. तोंडावर पाणी मारलं. आरशात बघून स्वतःला म्हटलं, अगं घाबरतेस काय, जाऊन सरळ सांग की तपासताना चुकून झालं. सरळ होतं. पण सरळ सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं, की असं चुकून होऊच कसं शकतं. आणि तिथे माझी बोबडी वळत होती, कारण ते होऊ शकत होतं माझ्यामुळे.

आधीच्या रचनेत ‘मी नोकरी शोधतोय’ असं जाहीर करण्याआधी तीन प्रश्न होते. कुठल्या प्रकारची नोकरी, कुठल्या भागात, आणि तिसरा, ‘सध्याच्या मालकांना कळलेलं चालेल का?’ या तिसऱ्या प्रश्नापाशी शंभरातले एकतीस जण अ‍ॅप बंद करून निघून जात. आमच्या विभागप्रमुख बाईंना हे सहन होत नव्हतं. त्या प्रत्येक गोष्ट टक्क्यांत बोलतात, म्हणून त्या टक्केबाई. “हा प्रश्न माणसांना घाबरवतो,” त्या म्हणाल्या होत्या. “काहीतरी करा.”

मी केलं. प्रश्न काढूनच टाकला. सेटिंगमध्ये, ‘इतर’च्या आत, तिसऱ्या पायरीवर नेऊन ठेवला आणि समोर एकच मोठं हिरवं बटण दिलं, ‘सुरू करा’. थोड्या लोकांवर करून पाहिलं, एकतीसचे नऊ झाले. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. आठ वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा वाजल्या, आणि खोटं कशाला बोलू, घरी जाताना मी वाटेत एकटीच हसत होते. गेल्या शुक्रवारपासून नवी रचना दर दहातल्या एका माणसाला देऊन बघायला सुरुवात झाली. त्या दहातल्या एकांत माझाही नंबर लागला होता, हे मला आज कळलं.

मंगळवारी माझं एक ठरलेलं काम असतं. तक्रार केलेल्यांपैकी पाच जणांना फोन करायचा, कुठे अडलं ते विचारायचं. मी तक्रारींची पेटी उघडली. एरवी चार-सहा असतात. आज एक्केचाळीस होत्या आणि सगळ्या एकाच जातीच्या. ‘माझ्या साहेबांना कसं कळलं?’ ‘मी कुणाला सांगितलं नव्हतं.’ ‘हे काढून टाका, पाया पडतो.’

सगळ्यात वरचा नंबर लावला.

“हॅलो, मी नोकरीच्या अ‍ॅपमधून बोलतेय. तुम्ही तक्रार केली होती...”

“एक मिनिट हं,” एक बाई कुजबुजली. पावलं वाजली, ट्रेचा खणखणाट झाला, दार लागलं. “हं, बोला. चादरींच्या खोलीत आलेय. हळूच बोलते, बाहेर ऐकू जातं.”

ती एका लहान रुग्णालयात नर्स होती. चौदा वर्षं, एकाच वॉर्डात. सासरे अंथरुणाला खिळलेले, म्हणून घराजवळच्या रुग्णालयात जागा आहे का ते बघावं असं तिच्या मनात आलं होतं.

“नुसतं बघायचं होतं हो मॅडम. हिरवं बटण होतं, ते दाबलं. म्हटलं, पुढे विचारतील काहीतरी. तर काही विचारलंच नाही! संध्याकाळी मेट्रनबाईंनी बोलावून घेतलं. त्यांच्या फोनवर माझा फोटो.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, चौदा वर्षं झाली, तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी सांगितलं, चुकून झालं. त्यांना वाटतं मी सारवासारव करतेय. मशीन आपणहून कसं सांगेल, म्हणतात. गुरुवारपर्यंत काय ते ठरव, नाहीतर दुसरी मुलगी बघते, असं म्हणाल्यात.” तिने आवाज आणखी खाली आणला. “मॅडम, ते परत घेता येतं का?”

“नाही येत,” मी म्हणाले. हेच तासाभरापूर्वी मी टाचणीला विचारलं होतं.

“मग काही लेखी द्याल का? तुमच्याकडून झालंय, माझी चूक नाही, असं दोन ओळी. लेखी असलं की बाई मानतात. आमच्याकडे सगळं लेखीवरच चालतं.”

“मी... वर विचारून बघते.”

“बघा हं नक्की.” मग म्हणाली, “एक विचारू? रागाने नाही विचारत. मागच्या वर्षी माझ्या भावजयीने भरलं, तेव्हा विचारलं होतं, मालकांना कळलेलं चालेल का म्हणून. मी होते शेजारी. मग आता तो प्रश्न कुणी काढला?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“टीमने ठरवलं,” मी म्हणाले. “मोठी टीम असते आमची.”

“असेल, असेल,” ती म्हणाली, जणू माझीच समजूत घालत होती. “ठेवते हं. बेल वाजतेय.”

बाकीचे चार फोन मी केले नाहीत. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली, हे खरं आहे. लाज मागे ढकलता येते. भीती पोटात बसली की जेवण जात नाही. डबा मी तसाच मिटून ठेवला.

दुपारी तीनला टक्केबाईंनी बोलावलं. त्या माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत. मजल्यावर सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, मला एकटीला ‘तुम्ही’. त्यात आदर किती आणि वय किती, हे मला कधी कळलं नाही.

“एचआरने विचारलंय, तुम्ही चाललात का म्हणून.”

“नाही हो! तपासताना चुकून दाबलं गेलं. चुकीच्या अ‍ॅपवर.”

“मला कळतंय. मी सांगते त्यांना.” त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. “तक्रारी बघितल्यात?”

“एक्केचाळीस आहेत.”

“सव्वा लाखातून एक्केचाळीस. टक्के काढा.”

मी काढले नाहीत. “तो प्रश्न परत घालू या,” मी म्हणाले. “एका दिवसाचं काम आहे. टाचणीला... म्हणजे त्याला सांगितलं तर उद्यापर्यंत होईल.”

“आणि वर काय सांगू? कालच मी आकडे दाखवून आलेय. आता जाऊन सांगू, की जिने हे केलं ती स्वतःच त्यात घसरून पडली?” त्या हसल्या, पण मन लावून नाही. मला वाटतं, त्याही घाबरलेल्या होत्या. त्यांच्या वरही कुणीतरी यादी करत असणार. “हे बघा. या लोकांनी बटण दाबलं. कुणी त्यांचा हात धरला नव्हता. लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे. तुम्ही एक उत्तर लिहा. ‘ही निवड आपण स्वतः केलेली आहे’, सभ्य भाषेत. तुमची भाषा चांगली आहे. उद्या ते एक्केचाळीस जणांना गेलं की विषय संपला. तुमचंही मी एचआरला कळवते, तपासणीतला प्रकार होता म्हणून.”

आणि नाही लिहिलं तर, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. बाहेर पडलं नाही. पण त्यांना ते दिसलं असावं.

“शुक्रवारी यादी जाणार,” त्या म्हणाल्या. “मला तुम्ही तिच्यात नको आहात. खरंच सांगते.”

संध्याकाळी घरी पोचले तर नवरा कपड्यांच्या घड्या घालत होता. त्याच्याही फोनवर माझा फोटो आलेला होता, सकाळी अ‍ॅप उघडल्यावर त्याला दिसला होता.

“काय गं, तूही शोधायला लागलीस?” तो म्हणाला. “बरं झालं. दोघं मिळून रांगेत उभे राहू. तुला पुढे सोडतो.”

मी हसले नाही तेव्हा त्याने हातातला टॉवेल खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. ठिपका, नर्स, टक्केबाई, शुक्रवार. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. हा माणूस कारखान्यात दीडशे लोकांवर ओरडायचा. आता मुलीने दार जोरात लावलं तरी दचकतो.

“काय लिहू मी?” मी विचारलं.

“ते सांगतात ते लिही.”

“अरे, पण ते खोटं आहे.”

“खोटं कुठे आहे? दाबलंच ना त्यांनी बटण?” त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “हे बघ, मला नको विचारूस तू. मी आता नीट सांगू शकत नाही. तुझी नोकरी गेली तर... नाही, मला विचारूच नकोस. लिहून टाक. आपल्या ओळखीची आहे का ती बाई?”

“नाही.”

“मग झालं तर,” तो म्हणाला आणि टॉवेलची घडी पुन्हा पहिल्यापासून घालायला लागला.

मला त्याचा राग आला नाही. तो जे बोलला तेच मी दिवसभर स्वतःशी बोलत होते.

बुधवारी सकाळी लवकर जाऊन मी ते उत्तर लिहिलं. ‘आपल्या तक्रारीबद्दल आभारी आहोत. आपण स्वतः केलेल्या निवडीनुसार...’ वाक्यं झरझर आली. वाईट म्हणजे ती चांगली आली. वाचून पाहिलं तर कुठेही खडा लागत नव्हता. मी एखादा स्क्रीन करते तसंच, घसरत जावं आणि शेवटी माणसाला वाटावं की आपलंच चुकलं. एक्केचाळीस पत्ते वर आले. पहिला त्या नर्सचा होता.

गुरुवारपर्यंत काय ते ठरव, म्हणाली होती तिची मेट्रन. म्हणजे उद्या. उद्या ती हे लेखी घेऊन जाणार. लेखी मागितलं होतं ना तिने. मेट्रनबाई वाचणार, ‘आपण स्वतः केलेल्या निवडीनुसार’. मग तिला काही बोलायला जागाच उरणार नव्हती. मी तिला लेखी दिलं असतं आणि त्याच कागदाने तिची नोकरी गेली असती.

मी सगळं पुसलं.

शूरपणा वगैरे काही नव्हता. कुणी तसं समजू नये. दोनदा उठून बाथरूमला गेले. साधं ‘तुमची’ तीनदा चुकलं. मनात सारखं येत होतं, मुलीची दोन वर्षं राहिलीत, नवऱ्याचं काही ठरलेलं नाही, तू कोण लागून गेलीस. तरी लिहिलं ते असं:

‘झाल्या प्रकारात तुमची काहीही चूक नाही. पूर्वी या अ‍ॅपमध्ये, सध्याच्या मालकांना कळलेलं चालेल का, असा प्रश्न विचारला जात होता. नव्या रचनेत तो काढून टाकला. त्यामुळे तुम्हाला न विचारता ही माहिती तुमच्या मालकांपर्यंत गेली. ती नवी रचना मी केली आहे आणि तो प्रश्न मी काढला आहे. सोमवारी मी स्वतःही चुकून तेच बटण दाबलं आणि माझ्या कार्यालयालाही असंच कळलं. हे पत्र तुम्ही तुमच्या मालकांना दाखवू शकता. त्यांना काही विचारायचं असेल तर मला फोन करावा.’

खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि माझा नंबर. पाठवून झाल्यावर खुर्चीत बसून राहिले.

टाचणी आला, त्याने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि पांढराफटक पडला.

“ताई, हे गेलं?”

“गेलं. आणि गेलेलं परत येत नाही, ठाऊक आहे मला.”

तो काही टोचून बोलला नाही. पहिल्यांदाच. “आता मला जुना प्रश्न परत घालायला सांगतील,” तो म्हणाला. “काल दुपारीच करून ठेवलाय मी. सांगायचं धाडस होत नव्हतं.”

दुपारपर्यंत प्रश्न परत आला. आमच्याकडे त्याला ‘सुधारणा’ म्हणाले. टक्केबाई दोन दिवस माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मी दोन दिवस प्रत्येक पावलाचा आवाज ऐकत बसले. कुणी माझ्या टेबलाजवळून गेलं की मान आपोआप खांद्यांत जायची. मुलगी म्हणाली, आई, तू झोपेत दात खातेस. नवऱ्याने विचारलं, “लिहिलंस ना ते?” मी म्हणाले, “लिहिलं.” त्याचा जीव भांड्यात पडला. पुढचं मी सांगितलं नाही. म्हटलं, न जाणो, शुक्रवार तसाच निघूनही जाईल.

शुक्रवारी अकरा वाजता मधाच्या बोटाने बोलावलं. टेबलावर पाण्याचा पेला भरून ठेवलेला होता.

“तुमचं काम उत्तमच होतं,” ते म्हणाले. ‘होतं’ ऐकलं आणि पुढचं ऐकायची गरज उरली नाही. “तुमच्या पत्राबद्दल मी काही बोलत नाही. तो विषय वेगळा. पण आमच्याकडे नोंद आहे की तुम्ही स्वतःच बाहेर संधी शोधताय.”

“ते चुकून झालं होतं. तपासताना. तुम्हाला सांगितलं असेल ना...”

“अहो, अ‍ॅपवर आहे तसं,” त्यांनी फोन फिरवून माझ्याकडे केला. त्यावर तोच दम दिल्यासारखा फोटो. “सोमवारी संध्याकाळी पाच वाजून दोन मिनिटं. कुणी तुमच्यावर बळजबरी केली नव्हती. आम्ही फक्त तुमच्या इच्छेचा मान राखतोय.”

ते इतक्या मायेने म्हणाले की मी चक्क “थँक यू” म्हणाले. अजून आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

साडेबाराला मी आमच्या इमारतीच्या जिन्यात होते. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि पाय पुढे जाईनात. घर तिसऱ्यावर आहे. वर दार उघडलं की नवरा समोर येणार, घड्याळाकडे बघणार. त्याला काय सांगायचं ते मी वाटेत चार प्रकारांनी जुळवलं होतं आणि चारही विसरले होते. ऑफिसात जेवढी भ्याले नव्हते तेवढी माझ्याच घराच्या दाराला भ्याले.

फोन वाजला. नंबर अनोळखी वाटला, मग ओळखला.

“ताई, मी ती... चादरींच्या खोलीतली,” आवाज आला. आज ती कुजबुजत नव्हती.

“बोला ना. काय झालं?”

“ठेवलं हो मला! मेट्रनबाईंनी पत्र दोनदा वाचलं. सहा महिने रात्रपाळी लावलीय, राग आहे अजून थोडा. पण ठेवलं. म्हणाल्या, एवढं नावानिशी कोण लिहून देतं आजकाल.”

“बरं झालं. खूप बरं झालं.” मी पायरीवर बसले.

“तुम्ही टीम म्हणाला होतात.”

“हो.”

पलीकडे कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं.

“ताई,” ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, “त्या पत्रावरून तुम्हाला काही बोलले नाहीत ना हो? नोकरीला काही धक्का...”

“छे छे! काहीतरीच काय. आत्ताही कामावरच आहे मी.”

“आवाज घुमतोय तुमचा.”

“जिन्यात आलेय बोलायला. आत मीटिंग चालू आहे.”

“अगंबाई, मग जा तुम्ही, जा. माझ्यामुळे उगाच बोलणी नकोत.”

“जाते,” मी म्हणाले. “तब्येतीला जपा. रात्रपाळीत जेवण चुकवू नका.”

तिने फोन ठेवला. मी उठून वरचा मजला चढले. दाराआड नळ चालू होता, भांडी विसळल्याचा आवाज येत होता. मी बेल दाबली.

“कोण आहे?” आतून नवऱ्याने विचारलं. या वेळेला आमच्याकडे कुणी येत नाही.

“मी आहे,” मी म्हणाले.

आतला नळ बंद झाला.